गाठ निघते प्रवासाला

वाशिम जिल्ह्यात एखाद्या बाईच्या स्तनातली गाठ काढली, की बाई घरी येते आणि गाठ प्रवासाला निघते. ऑपरेशन रिसोडला झालेलं असो, कारंज्याला असो की वाशिम शहरात, काढलेल्या तुकड्याची सखोल तपासणी सहसा जिल्ह्याबाहेरच होते. वाशिम शहरापासून अकोला सुमारे ८० किलोमीटर. तिथून तुकडा कधी नागपूरला जातो, कधी मुंबईच्या एखाद्या मोठ्या लॅबमध्ये. एकदा कुरिअरवाला नेतो, तर एकदा बाईचा भाऊ किंवा दीर एसटीत मांडीवर पिशवी धरून बसतो. पिशवीत प्लॅस्टिकची बरणी, बरणीवर चिकटपट्टीने लावलेला नावाचा कागद.

मग रिपोर्टची वाट पाहणं. तो आला की घरचे एकच प्रश्न विचारतात, ‘स्टेज कितवी?’ प्रश्न रास्तच आहे. पण त्याच रिपोर्टात, किंवा मागाहून येणाऱ्या दुसऱ्या कागदावर, आणखी तीन नोंदी असतात : ईआर, पीआर आणि हर-टू. त्यांच्याबद्दल क्वचितच कुणी विचारतं. बाईला पुढची पाच वर्षं रोज गोळी घ्यायची की नाही, केमो टाळता येईल का, आजार उलटण्याची भीती कोणत्या वर्षांत जास्त, हे ठरवताना डॉक्टर मात्र या नोंदींवरच बोट ठेवतात. आणि या नोंदी खऱ्या की खोट्या, हे पुष्कळदा ठरतं ते त्या बरणीत काय होतं आणि तुकडा तिच्यात किती वेळाने पडला, यावरून.

ओलिताची गाठ, कोरडवाहू गाठ

ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर आणि पीआर म्हणजे प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही बाईच्या शरीरातली दोन प्रमुख हार्मोन्स. पाळी सुरू असेपर्यंत ती मुख्यतः अंडाशयात तयार होतात. पाळी गेल्यावरही शरीरातल्या चरबीत थोडंफार इस्ट्रोजेन तयार होत राहतं. स्तनाच्या निरोगी पेशींच्या केंद्रकात ही हार्मोन्स पकडणारी प्रथिनं असतात, तेच रिसेप्टर. हार्मोन पकडलं की पेशीला वाढीचा हुकूम मिळतो. कर्करोग झाल्यावरही अनेक गाठींमध्ये ही व्यवस्था शाबूत राहते आणि गाठ हार्मोनच्या जोरावर वाढते. तिला हार्मोन पॉझिटिव्ह म्हणतात. वाशिमच्या शेतकऱ्याला हे ओलिताच्या पिकावरून चटकन समजेल : पाणी तोडलं की वाढ खुंटते. रिसेप्टर नसलेली गाठ मात्र कोरडवाहू. पाट बंद केला काय आणि सुरू ठेवला काय, तिला फरक पडत नाही.

पाणी तोडण्याची ही कल्पना सव्वाशे वर्षांहून जुनी आहे. ग्लासगोचे सर्जन जॉर्ज बीटसन यांनी स्तनाचा कर्करोग पसरलेल्या तरुण स्त्रियांची अंडाशयं काढून पाहिली आणि १८९६ साली ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं, की गाठी आकसल्या. इस्ट्रोजेन नावाचं काही असतं हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. पुढे अनेक सर्जननी हा मार्ग धरला, पण गुण येई तो थोड्याच बायांना. बाकीच्यांचं ऑपरेशन वाया जाई. कुणाला गुण येणार, हे आधी सांगता यावं यासाठी साठ-सत्तर वर्षं जावी लागली. शिकागोचे एलवूड जेन्सन यांनी किरणोत्सारी खूण लावलेलं इस्ट्रोजेन वापरून दाखवलं, की काही ऊतींमध्ये ते धरून ठेवणारं प्रथिन असतं. ज्या गाठीत ते प्रथिन असेल, तिलाच हार्मोन तोडण्याचा उपचार लागू पडणार. या कामासाठी जेन्सन यांना २००४ साली लास्कर पुरस्कार मिळाला.

आता अंडाशय काढण्याची गरज सहसा पडत नाही, कारण मधल्या काळात टॅमॉक्सिफेन आलं. ब्रिटनच्या आयसीआय कंपनीने १९६०च्या दशकात हे औषध शोधलं ते गर्भनिरोधक म्हणून. त्या कामी ते साफ नापास झालं. १९७१ साली मँचेस्टरच्या ख्रिस्टी हॉस्पिटलमध्ये मेरी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिल्याचे निष्कर्ष छापले आणि या गोळीचं नशीब पालटलं. गोळी रिसेप्टरची जागा अडवून बसते, त्यामुळे इस्ट्रोजेनला शिरकाव मिळत नाही. आज जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ती आहे आणि आपल्याकडे दिवसाला काही रुपयांत मिळते.

तिसरी नोंद हर-टूची. ते हार्मोनचं प्रथिन नव्हे. पेशीच्या पृष्ठभागावर बसून वाढीचा इशारा देणारं ते वेगळंच प्रथिन आहे. हर-टू पॉझिटिव्ह गाठ एके काळी सर्वांत उग्र मानली जाई. १९९८ साली अमेरिकेत ट्रास्टुझुमॅबला मान्यता मिळाली आणि चित्र बदललं. २०१४ मध्ये बंगळुरूच्या बायोकॉनने त्याची स्वस्त आवृत्ती भारतात आणली. हर-टूचा निकाल शून्य ते तीन प्लस असा येतो. तीन प्लस म्हणजे पॉझिटिव्ह. दोन प्लस आला तर फिश नावाची पुढची चाचणी करूनच निर्णय होतो. आणि तिन्ही नोंदी निगेटिव्ह असतील, तर तिला ट्रिपल निगेटिव्ह म्हणतात.

भाकीत किती वर्षांचं?

लवकर सापडलेल्या, म्हणजे स्तन आणि काखेतल्या गाठींपलीकडे न गेलेल्या आजारात पुढे काय होईल, हे मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असतं. एक, गाठ केवढी आहे आणि काखेतल्या किती ग्रंथींत गेली आहे. दोन, गाठीचा स्वभाव. रिसेप्टर हा त्या स्वभावाचा सर्वांत मोठा भाग.

टॅमॉक्सिफेनच्या २० चाचण्यांतल्या २१ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये हिशेब मांडला. ईआर पॉझिटिव्ह गाठ असलेल्या स्त्रियांनी सुमारे पाच वर्षं गोळी घेतली, तर पहिल्या पाच वर्षांत आजार उलटण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर येतं. पंधरा वर्षांच्या हिशेबात स्तनाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. ईआर निगेटिव्ह स्त्रियांना त्याच गोळीने फायदा झाला नाही. म्हणजे ही नोंद नुसतं भाकीत सांगून थांबत नाही, कोणतं औषध लागू पडेल हेही सांगते. ती चुकली तर दोन्ही चुकतात.

पॉझिटिव्ह गाठीचं भाकीत एकूण बरं. मात्र तिचा आजार चिवट असतो. पाच वर्षं हार्मोनचा उपचार पूर्ण केलेल्या आणि तोवर ठणठणीत राहिलेल्या सुमारे ६३ हजार स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. पाचव्या ते विसाव्या वर्षाच्या दरम्यान दूरच्या अवयवात आजार उलटण्याची शक्यता, दोन सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि काख स्वच्छ असलेल्या स्त्रियांतही १३ टक्के निघाली. गाठ त्याहून मोठी आणि काखेतल्या चार ते नऊ ग्रंथींत आजार असलेल्यांमध्ये ती ४१ टक्के होती. म्हणूनच ‘पाच वर्षं झाली, सुटलो’ हे पॉझिटिव्ह गाठीला लागू होत नाही. काखेत आजार असलेल्या अनेक स्त्रियांना डॉक्टर पाचाऐवजी दहा वर्षं गोळी सुरू ठेवायला सांगतात ते याचसाठी.

ट्रिपल निगेटिव्हची चाल उलटी. तिचा धोका पहिल्या तीन वर्षांत शिगेला पोहोचतो आणि मग झपाट्याने उतरतो. पाच वर्षं निर्धोक गेली, तर तिथून पुढे या बाईची वाट पॉझिटिव्ह गाठवालीपेक्षाही मोकळी असू शकते. तिच्या बाबतीत हार्मोनची गोळी कुचकामी. मुख्य भिस्त ऑपरेशन, केमो आणि गरजेनुसार शेक (रेडिएशन) यांच्यावर.

परळचं कोडं

२००० साली मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या विकृतिशास्त्रज्ञांनी (पॅथॉलॉजिस्ट), डॉ. संगीता देसाई आणि सहकाऱ्यांनी, ७९८ गाठींचा अभ्यास ‘द ब्रेस्ट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात ईआर पॉझिटिव्ह निघाल्या अवघ्या ३२.६ टक्के. युरोप-अमेरिकेत हे प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे असतं. आपल्या बायांच्या गाठी मुळातच वेगळ्या आहेत का? तसं असेल तर टॅमॉक्सिफेनसारखी स्वस्त गोळी आपल्याकडे दर तिघींपैकी एकीच्याच कामाची ठरणार.

एक कारण उघड होतं. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांच्या मानाने सुमारे दहा वर्षं आधी, पन्नाशीच्या आसपास दिसतो आणि तरुण वयातल्या गाठींत निगेटिव्हचं प्रमाण जास्त असतं. पण याच अभ्यासातला दुसरा आकडा डोळ्यांत भरणारा होता. पीआर पॉझिटिव्ह गाठी ४६.१ टक्के, म्हणजे ईआरपेक्षा जास्त. हे चमत्कारिक आहे, कारण पेशीत पीआर तयार होतं ते बहुतांशी ईआरच्या हुकमाने. हुकूम देणारा गैरहजर आणि हुकमाची तामिली मात्र झालेली, असं इतक्या गाठींत कसं होईल? २००५ साली नवानी आणि भादुरी या विकृतिशास्त्रज्ञांनी आपल्या लेखाच्या शीर्षकातच प्रश्न टाकला, की भारतातल्या या ईआर निगेटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह गाठी वस्तुस्थिती आहेत की आभास.

संशयाची सुई तपासणीच्या पद्धतीकडे वळली. गाठ नीट राखली गेली नाही, तर तिच्यातली प्रथिनं विरतात. चाचणीला ती सापडत नाहीत आणि कागदावर ‘निगेटिव्ह’ उमटतं. टाटा मेमोरियलमध्येच देशाच्या कानाकोपऱ्यातून बाहेर काढलेल्या गाठींचे मेणाचे ठोकळे येत असत. कुणी कशा राखलेल्या, कुणी कशा. डॉ. तनुजा शेट आणि सहकाऱ्यांनी १९९९ ते २००६ या आठ वर्षांतल्या ११ हजारांहून अधिक गाठींचा आढावा २००९ साली छापला, त्यात ईआर किंवा पीआर यांपैकी काहीतरी असलेल्या गाठी निम्म्याहून थोड्या अधिक होत्या. तंत्र सुधारत गेलं तसं भारतीय अहवालांतलं ईआरचं प्रमाणही वर सरकत गेलं.

कोड्याचं उत्तर दुहेरी निघालं. फरक थोडा खरा होता, थोडा बरणीतला. खरा किती, याचा अंदाज पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेच्या आणि प्रशांती कॅन्सर केअर मिशनच्या संशोधकांनी २०२० साली देशभरातले अभ्यास एकत्र करून मांडला : भारतातल्या स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे २७ टक्के ट्रिपल निगेटिव्ह. पाश्चात्त्य देशांत हा आकडा १० ते १५ टक्क्यांच्या घरात असतो.

बरणीत काय घडतं

ऑपरेशन टेबलावर गाठीचा रक्तपुरवठा तुटला, की त्या क्षणापासून तिच्या पेशी मरू लागतात. त्यांना आहे त्या स्थितीत थोपवून धरण्याचं काम फॉर्मलिन करतं. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की तुकडा एका तासाच्या आत दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये पडला पाहिजे आणि त्यात कमीत कमी सहा व जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. ही मर्यादा दोन्हीकडून महत्त्वाची. कमी वेळ भिजलेला तुकडा आतून कच्चा राहतो, फार भिजलेल्यात प्रथिनं एकमेकांत जखडून बसतात.

फॉर्मलिन ऊतीत शिरतं अगदी सावकाश, तासाला साधारण एक मिलिमीटर. अख्खा स्तन काढून तसाच लहानशा बरणीत कोंबला, तर बाहेरची कातडी आणि चरबी छान राखली जाते आणि मधोमध असलेली गाठ सडते. म्हणून मोठा नमुना काप देऊन उघडा करावा लागतो. बरणी ऐसपैस हवी आणि फॉर्मलिन नमुन्याच्या कैक पट. सलाईनमध्ये पाठवलेला तुकडा वाटेतच खराब होतो. स्पिरिटमध्ये टाकलेला टणक होतो, पण रिसेप्टरची चाचणी त्यावर भरवशाची राहत नाही. मे महिन्यात विदर्भातल्या उन्हात एसटीच्या खिडकीशी ठेवलेल्या सलाईनच्या बाटलीचं काय होत असेल, ते वेगळं सांगायला नको.

लॅबमध्ये तुकड्याचा मेणाचा ठोकळा होतो. त्याला सगळे ब्लॉकच म्हणतात. ब्लॉकमधून केसाहून कितीतरी पातळ काप काढून काचेवर घेतात, तो तापवून त्यातली जखडलेली प्रथिनं मोकळी करतात (अनेक ठिकाणी या कामाला चक्क प्रेशर कुकर असतो) आणि मग रिसेप्टर ओळखणारं प्रतिपिंड टाकतात. रिसेप्टर असेल तिथे केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तिथे निळंच राहतं. विकृतिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तपकिरी केंद्रकं किती आणि किती गडद, याचा हिशेब घेतो. शंभरात एक जरी तपकिरी असेल तरी गाठ पॉझिटिव्ह धरतात. एक ते दहा टक्क्यांपर्यंत असेल तर ‘लो पॉझिटिव्ह’ अशी नोंद करतात, कारण अशा गाठीचं वागणं बरंचसं निगेटिव्हकडे झुकतं.

या काचेवर एक पहारेकरीही असतो. गाठीशेजारी निरोगी दूधनलिका असतील, तर त्यांच्या काही पेशी तपकिरी दिसायलाच हव्यात, कारण तिथे रिसेप्टर नैसर्गिकच असतात. त्याही कोऱ्या निघाल्या तर चाचणी फसली, गाठीला निगेटिव्ह म्हणण्याचा अधिकार त्या काचेला उरत नाही. ‘इंटर्नल कंट्रोल आला होता का?’ हा प्रश्न निगेटिव्ह रिपोर्ट हाती आलेल्या कुठल्याही घराने डॉक्टरांना बिनदिक्कत विचारावा.

ही चूक फक्त गरीब देशांत होते असंही नाही. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड प्रांतात १९९७ ते २००५ या काळात केलेल्या ईआर चाचण्यांत गफलत झाल्याचं उघडकीस आलं. ब्लॉक पुन्हा तपासले, तेव्हा जवळपास ४०० स्त्रियांचे निकाल चुकीचे निघाले. ज्यांना गोळी मिळायला हवी होती, त्यांना ती मिळालीच नव्हती, आणि त्यांच्यापैकी काही तोवर दगावल्या होत्या. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमेरॉन यांच्या चौकशी आयोगाने २००९ साली अहवाल दिला. त्यात नमुना राखण्यापासून देखरेखीपर्यंत साखळीतल्या जवळजवळ प्रत्येक कडीवर ठपका होता.

त्या स्त्रियांचे निकाल पुन्हा तपासता आले ते ब्लॉक जपून ठेवले होते म्हणून. मेणातला तुकडा वर्षानुवर्षं टिकतो. वाशिम, अकोल्याच्या रुग्णाला टाटा मेमोरियलमध्ये किंवा नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये पाठवलं, की तिथले डॉक्टर पहिल्याच भेटीत ‘ब्लॉक आणा’ म्हणतात. नातेवाईक रिपोर्टची झेरॉक्स घेऊन आलेले असतात आणि ब्लॉकसाठी पुन्हा मागे फिरावं लागतं. ऑपरेशन झालं त्या दिवशीच ब्लॉक आणि स्लाइड कुठे आहेत हे लिहून घेतलं, तर ही एक खेप वाचते.

याहूनही सोपा उपाय गाठ काढण्याच्या आधीचा आहे. खेड्यापाड्यांत अजूनही ‘आधी गाठ काढून टाकू, मग काय ते बघू’ असा सल्ला मिळतो. बारीक सुईने पाणी ओढून केलेल्या तपासणीत कर्करोगाच्या पेशी दिसतात, पण रिसेप्टरचा भरवशाचा निकाल त्यातून मिळेलच असं नाही. जाड सुईने काढलेला, शेवईएवढा तुकडा मात्र फॉर्मलिनमध्ये आतपर्यंत मुरतो. रिसेप्टर नीट कळतात आणि ऑपरेशन आधी की केमो आधी, हा निर्णयही हाती पुरावा ठेवून घेता येतो.

निगेटिव्ह निघाली तर

ट्रिपल निगेटिव्हचा रिपोर्ट आला की घरात सुतक पडल्यासारखं होतं. तेवढं निराश होण्याचं कारण नाही. टाटा मेमोरियलमध्ये २०१० पासून दहा वर्षं चाललेल्या एका चाचणीत ट्रिपल निगेटिव्ह गाठीच्या ७२० स्त्रिया सहभागी झाल्या. ऑपरेशनआधीच्या नेहमीच्या केमोत कार्बोप्लॅटिन हे जुनं, स्वस्त औषध मिसळलं तर फरक पडतो का, हा प्रश्न होता. डॉ. सुदीप गुप्ता यांनी २०२२ साली अमेरिकेत सॅन अँटोनिओच्या परिषदेत निष्कर्ष मांडले. पन्नाशीपर्यंतच्या स्त्रियांमध्ये पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ६५.९ टक्क्यांवरून ७७.१ टक्क्यांवर गेलं. त्याहून मोठ्या वयाच्या स्त्रियांना मात्र असा लाभ दिसला नाही. आपल्याकडे ट्रिपल निगेटिव्हचं प्रमाण जास्त आणि त्या बायाही तरुण, त्यामुळे परळमध्ये निघालेल्या या उत्तराचं मोल भारतात अधिक.

रिसेप्टर कोणताही असो, सगळ्यांच्या कामी येईल असा एक उपायही परळमधूनच आला. डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातल्या ११ केंद्रांवर चाचणी घेतली. गाठ काढण्याच्या काही मिनिटं आधी तिच्याभोवती लिग्नोकेन टोचायचं, दात काढताना हिरडीत देतात तेच बधिर करणारं औषध. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत १,५८३ स्त्रियांचा हिशेब आहे. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्क्यांवर गेलं आणि हा फायदा हार्मोन पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, सर्व गटांत सारखाच दिसला.

पाच वर्षांची गोळी

पॉझिटिव्ह गाठीच्या बाईपुढचं आव्हान वेगळं. केमो आणि शेक संपतात, केस परत येतात, आजारपण मागे पडल्यासारखं वाटतं, आणि गोळी तेव्हा कुठे सुरू होते. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांना सहसा टॅमॉक्सिफेन, पाळी गेलेल्यांना बहुधा लेट्रोझोल किंवा अ‍ॅनास्ट्रोझोल. टॅमॉक्सिफेनने अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, अंगावरून पांढरं जातं. क्वचित पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होते किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग होतो. म्हणून पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव दिसला, तर ताबडतोब दाखवायचं. लेट्रोझोलने सांधे धरतात आणि हाडं ठिसूळ होतात. टॅमॉक्सिफेन चालू असताना गर्भ राहू देता येत नाही. आणि नैराश्यावर दिल्या जाणाऱ्या पॅरॉक्सेटीन, फ्लुऑक्सेटीन यांसारख्या काही गोळ्या तिची ताकद कमी करू शकतात, म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे जाताना कर्करोगाची फाइल सोबत हवी.

एवढं सगळं सोसून पाच वर्षं गोळी घेणं सोपं नाही, आणि ते फक्त वाशिममध्येच अवघड आहे असंही नाही. कॅलिफोर्नियातल्या, विमा आणि औषधं हाताशी असलेल्या ८,७६९ स्त्रियांची नोंद २०१० साली प्रसिद्ध झाली. ठरलेला पूर्ण काळ नियमाने गोळी घेणाऱ्या निघाल्या ४९ टक्के. सोयाबीनच्या सोंगणीत, तुरीच्या दिवसांत गोळी विसरणारी मानोऱ्याची बाई आणि ती अमेरिकन बाई यांची गत एकच.

सोयाबीनचा विषय निघालाच आहे तर त्याबद्दलची शंकाही पाहू. जिल्ह्याचं हे मुख्य पीक आणि त्यात इस्ट्रोजेनशी साम्य असलेली आयसोफ्लेव्होन नावाची द्रव्यं असतात, हे मोबाइलवर वाचून अनेक घरं घाबरतात. शांघायमधल्या ५,०४२ स्त्रियांचा अभ्यास २००९ साली ‘जामा’मध्ये आला. कर्करोगानंतर आहारात सोयाचे पदार्थ जास्त असणाऱ्यांमध्ये आजार उलटण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण उलट कमी आढळलं, ईआर पॉझिटिव्ह असो वा निगेटिव्ह. आहारातल्या सोयाबीनला भिण्याचं कारण नाही, आणि सोयाबीनच्या तेलात तर ही द्रव्यं जवळजवळ नसतातच. सोयाच्या अर्काच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

खर्चाचा भार महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेने पुष्कळ हलका केला आहे. ऑपरेशन, केमो आणि शेक यांचा तिच्यात समावेश आहे. मुंबईला जावंच लागलं, तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कर्करोगाचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक राहतात. गाडगेबाबा शेजारच्याच अमरावती जिल्ह्यातले, त्यामुळे वऱ्हाडातल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही.

आधी गाठ सापडायला हवी

रिसेप्टरचा सगळा हिशेब कामी येतो तो गाठ वेळेवर सापडली तर. २०२२ साली भारतात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि ९८ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज ग्लोबोकॅन या कर्करोगाच्या जागतिक आकडेवारीने दिला. २०१० ते २०१४ दरम्यान निदान झालेल्यांपैकी पाच वर्षं जगलेल्यांचं प्रमाण भारतात सुमारे ६६ टक्के होतं, अमेरिकेत ९० टक्के. या तफावतीचा मोठा भाग उशिरा येण्यातला आहे. गाठ दुखत नाही, म्हणून बाई सांगत नाही.

मॅमोग्राफीचं यंत्र गावोगाव सहज नेता येत नाही, मग हाताने तपासून भागेल का? टाटा मेमोरियलने १९९८ साली मुंबईच्या वस्त्यांत याची चाचणी सुरू केली. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखाहून अधिक स्त्रिया, आणि त्यांच्यातल्या निम्म्या गटाची दर दोन वर्षांनी हाताने तपासणी. तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका होत्या. डॉ. इंद्रनील मित्रा आणि सहकाऱ्यांनी २०२१ साली ‘बीएमजे’मध्ये निष्कर्ष दिले. तपासलेल्या गटात आजार तुलनेने लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतल्यांमध्ये मात्र मृत्यूंत घट दिसली नाही, त्यामुळे तरुण वयात गाठ लागली तर पुढच्या तपासणी फेरीची वाट न पाहता बाईने स्वतःच दवाखाना गाठायचा.

वाशिममध्ये २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचा विभाग असतोच, त्यामुळे ८० किलोमीटरचा पहिला टप्पा पुढेमागे जिल्ह्यातच संपू शकेल. त्याआधीची पायरी गावातच आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार आशाताई तिशीपुढच्या माणसांचा फॉर्म भरतात, त्यात बायांना स्तनाबद्दल तीन प्रश्न असतात : गाठ लागते का, स्तनाग्रातून रक्तासारखं पाणी येतं का, आकारात फरक पडला का. एकाचंही उत्तर ‘हो’ आलं, तर त्या बाईने आरोग्य केंद्रातून जिल्हा रुग्णालयात जायचं, तिथे किंवा अकोल्याला आधी जाड सुईची तपासणी करून घ्यायची, आणि ऑपरेशनची तारीख ईआर, पीआर, हर-टू हातात आल्यावरच ठरवायची.